वंशावळीतली तुटक रेघ

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'वंशावळीचं संपादन कसं करावं'. तिकडे येतोच. पण ज्या माणसामुळे मी या कामाकडे ओढला गेलो, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. तो माणूस म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई.

'मराठी रियासत' तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड त्यांनी 1930 ते 1934 या अवघ्या चार-पाच वर्षांत काढले, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पण 1957 साली, वयाच्या 92व्या वर्षी, त्यांचं 'ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी' हे पुस्तक निघालं, त्याचं नाव कोणी घेत नाही. लोक ते उघडतात, आपलं आडनाव शोधतात आणि मिटून ठेवतात. मला याचं फार वाईट वाटतं. आयुष्यभर हाताखालून गेलेल्या कागदांचा अर्क आहे तो.

सरदेसाई 1889 साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत गेले, राजपुत्रांना शिकवू लागले. आता हे महाराज तिथे आले कसे? 1875 साली मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंसाठी दत्तक मुलाचा शोध सुरू झाला. तो पोहोचला आपल्या मालेगावजवळच्या कवळाण्याला. पिलाजीराव गायकवाडांच्या एका मुलाची, प्रतापरावांची शाखा तिथे शेती करत होती. त्या बाजूच्या फांदीवरून बारा वर्षांचा गोपाळ उचलला गेला आणि सयाजीराव झाला. अशा राजाचं मीठ खाल्लेला माणूस वंशावळीत बाजूच्या फांदीकडे जाणाऱ्या आडव्या रेघेकडे दुर्लक्ष करील कसा?

आणि आता माझी आवडती हकीकत. रामराजाची. शाहू महाराजांना मुलगा नव्हता. ताराबाईंनी सांगितलं की माझा नातू जिवंत आहे, लपवून वाढवलाय. 1749च्या डिसेंबरात शाहू गेले आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. वर्षही सरलं नाही, तोच ताराबाईंनी त्याला किल्ल्यावर कैद केलं. पुढे 1752 साली जेजुरीला, खंडोबासमोर, त्यांनी शपथ वाहिली की हा माझा नातू नव्हेच. ज्या आजीच्या शब्दावर तो छत्रपती झाला, तिनेच देवासमोर शब्द फिरवला! तरीही पेशव्यांनी त्याला गादीवर ठेवलं, 1777मध्ये मरेपर्यंत तो छत्रपती राहिला, आणि त्याने घेतलेला दत्तक धाकटे शाहू म्हणून त्याच्यामागे बसला.

संपादकाने इथे काय करायचं? तुमच्यासमोर कोरा कागद आहे. वर ताराबाईंचा मुलगा शिवाजी, खाली रामराजा. मध्ये रेघ ओढणार का? ओढलीत, तर जेजुरीची शपथ खोटी ठरवलीत. नाही ओढलीत, तर आधीचा शब्द खोटा. दोन्ही वेळा बोलणारी बाई एकच, आणि दोन्ही वेळा तिचं राजकारण वेगळं. मी म्हणतो, रेघ तुटक ओढा आणि शेजारी दोन्ही साक्षी लिहा, कोणी, कधी, कुठे म्हटलं ते.

शिंद्यांचं पाहा. महादजींमागे दौलतराव, मग जनकोजी, मग जयाजीराव. वंशावळीत सरळ उतरत जाणारी नावं दिसतात. प्रत्यक्षात हे तिघेही दत्तक! 1794, 1827, 1843. तीन वेळा दौलत दत्तकावर गेली, हे रेघ सांगणार नसेल तर दौलतरावांच्या विधवा बायजाबाईंचं राजकारण तुम्हाला कळणार कसं?

हे मी पोटतिडकीने बोलतोय, त्याला कारण आहे. एका घराण्याचा कुलवृत्तांत माझ्याकडे संपादनाला होता. चार पिढ्यांमागच्या एका पुरुषाखाली मी 'दत्तक' लिहिलं, कारण दत्तविधानाचा मोडी कागद त्यांच्याच पेटीत सापडला होता. छपाईआधी तपासायची मुद्रितं परत आली तेव्हा तो शब्द लाल शाईने खोडलेला, आणि माझी तुटक रेघ पट्टी लावून सलग केलेली. 'लोक काय म्हणतील' म्हणे. अहो, त्या मुलाला जन्म दिलेल्या आईचं नाव पुसलंत तुम्ही! दुसऱ्या एका घराण्याचा मुलगा कागदावरून नाहीसा केलात. मी ते काम सोडलं. आजही सोडलं असतं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. मग मुद्द्यांवर धावतच येतो.

पहिलं, वंशावळ कशासाठी तयार झाली ते आधी पाहा. वतनाच्या भांडणातल्या करीन्यात, म्हणजे हक्काची हकीकत मांडणाऱ्या कागदात, वादी आपल्याला मूळ पुरुषाच्या जवळ नेतो, भाऊबंदाला दूर ढकलतो. इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी इनाम कमिशनपुढे मांडलेल्या वंशावळी इनाम टिकवण्यासाठी मांडल्या होत्या. त्या टाकायच्या नाहीत, हेतू नोंदवून घ्यायच्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या निराळ्या. तिथे यात्रेकरू स्वतः नावं सांगतो, सही करतो. हक्काचा वाद नसल्याने मी त्यांना जास्त वजन देतो.

दुसरं, औरस, दत्तक, लेकावळा (लग्नाबाहेरच्या स्त्रीपासून झालेला मुलगा) हे भेद लपवू नका. महादजी स्वतः राणोजींचे लेकावळे होते. त्याने त्यांचं काय उणं झालं?

तिसरं, लेकी-सुना. सुनेचं फक्त सासरचं नाव आणि लेकीच्या जागी नुसती रेघ, हे आता बंद करा. माहेर, जन्मनाव, दोन्ही लिहा. सोयरीक कळल्याशिवाय निम्म्या लढायांमागची बाजू कळत नाही.

उरलेलं प्रश्नोत्तरांत घेऊ. टेबलावर दोन मोडी वंशावळींच्या छायाप्रती आणि शेजारी त्यांचं देवनागरी लिप्यंतर ठेवलंय. जाताना पाहा, आणि कोणाच्या घरच्या पेटीत असा कागद असेल तर लॅमिनेशन करू नका, आधी मला दाखवा.