400 सीसीच्या आतली श्रीमंती

नमस्कार श्रोतेहो.

होंडाची सीबी 400 फोर ही मोटरसायकल 1974 च्या अखेरीस जपानच्या बाजारात आली. तिचं इंजिन होतं 408 सीसीचं. वर्ष उलटायच्या आत तिथल्या सरकारनं लायसन्सचे नियम बदलले आणि मधल्या वर्गाच्या लायसन्सवर 400 सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येईल असं ठरलं. आठ सीसीसाठी गाडी नापास! कंपनीनं मग 1976 मध्ये इंजिन थोडं आखडून 398 सीसीची गाडी काढली. आज या गाडीचा सौदा निघाला की जाणकार आधी विचारतात, "408 की 398?" दहा सीसीचा फरक चालवताना कुणाला कळणारही नाही. पण संग्राहकांच्या लेखी या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आज मी बोलणार आहे ते जपानच्या जुन्या, लहान इंजिनाच्या स्पोर्ट मोटरसायकलींबद्दल आणि त्यांना आलेल्या भावाबद्दल. हा भाव समजून घ्यायचा तर इंजिन उघडण्याआधी कायद्याचं पुस्तक उघडावं लागतं, असं माझं मत आहे.

400 सीसीच्या वरची गाडी चालवायची तर पोलिसांच्या परीक्षा केंद्रावर जाऊन थेट परीक्षा द्यावी लागे. ती इतकी कडक की माणसं पुन्हा पुन्हा नापास होत. ड्रायव्हिंग स्कूलमधून हे मोठं लायसन्स मिळायला लागलं ते थेट 1996 मध्ये. म्हणजे जवळपास वीस वर्षं जपानी तरुणाचं जग 400 सीसीला संपत होतं. त्यात दुसरी मेख अशी की 250 सीसीच्या वरच्या गाडीला ठरावीक काळानं सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. 'शाकेन' म्हणतात तिला, आणि ती खर्चिक असते. 250 पर्यंतच्या गाडीला ती नाही. कायद्यानं अशा दोन रेघा मारल्या, आणि दोन्ही रेघांना अगदी खेटून गाड्या जन्माला यायला लागल्या.

त्यात भर पडली होंडा आणि यामाहाच्या भांडणाची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकासाठी या दोघांत जी जुंपली, तिला तिकडे सरळ युद्धच म्हणतात. 1982 मध्ये तर मोपेड धरून वर्षाला 30 लाखांहून जास्त दुचाक्या एकट्या जपानात विकल्या गेल्या. 1983 मध्ये यामाहानं माघार घेतली, पण तोवर एक सवय लागून गेली होती: आज काढलेली गाडी पुढच्या वर्षी शिळी झाली पाहिजे.

यामाहानं 1980 मध्ये आरझेड 250 आणली. टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेरीला एक स्फोट करणारं, पाण्यानं थंड होणारं इंजिन, 35 अश्वशक्ती. लोक वेडे झाले. तीनच वर्षांनी सुझुकीची आरजी 250 गामा आली, अॅल्युमिनियमची फ्रेम आणि 45 अश्वशक्ती घेऊन. रस्त्यावरच्या गाडीला अॅल्युमिनियमची फ्रेम, तीही कारखान्यातून सर्रास निघणाऱ्या! शर्यतीच्या गाडीला दिवा आणि नंबरप्लेट लावावी तसा तो प्रकार होता. पुढे कंपन्यांनी आपसांत ठरवून घेतलं की 250 ला 45 आणि 400 ला 59 अश्वशक्तीच्या पुढे जायचं नाही. नव्वदीत हे आकडे 40 आणि 53 वर आले. म्हणून आज एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील तर हौशी माणूस आधी 45 वालीकडे वळतो.

फोर-स्ट्रोकवाले कुठे गेले होते ते सांगतो. 1990 ची होंडा सीबीआर 250 आरआर घ्या. 250 सीसी, पण सिलिंडर चार. एका सिलिंडरच्या वाट्याला जेमतेम 62 सीसी, म्हणजे चहाच्या छोट्या कपापेक्षाही कमी. पिस्टनची धाव 33.8 मिलिमीटर. टॅकोमीटरवरची लाल रेघ 19 हजारांवर. रेडिओवरून तिचा आवाज ऐकवायला मला फार आवडलं असतं, पण आज हिशोबावरच भागवूया. मिनिटाला 15 हजार फेऱ्यांना क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, सेकंदाला 250 वेळा फिरतो. दर दोन फेऱ्यांना एक, असे चार सिलिंडर मिळून सेकंदाला 500 स्फोट. तो आवाज मोटरसायकलचा वाटतच नाही. शिवणयंत्र संतापल्यासारखा वाटतो.

पण संग्राहकांच्या गप्पांत मखरात बसते ती होंडाचीच दुसरी गाडी, एनएसआर 250 आर. व्ही आकाराचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. 1985 मध्ये फ्रेडी स्पेन्सरनं एकाच वर्षी 250 आणि 500 अशी दोन्ही विश्वविजेतेपदं होंडाला मिळवून दिली, आणि पुढच्याच वर्षी ही गाडी दुकानात आली. मग 1988, 1990, 1993 अशा नव्या पिढ्या आल्या. जाणकार त्यांना नावानं नाही, फ्रेमच्या खुणेनं ओळखतात: एमसी 16, एमसी 18, एमसी 21, एमसी 28. 1988 ची सगळ्यांत तापट. कागदावर 45 अश्वशक्ती, पण वायरिंगमध्ये किरकोळ बदल केला की दाबून ठेवलेली ताकद उसळून बाहेर यायची, असा तिचा लौकिक. त्यातही एसपी नावाची खास आवृत्ती: मॅग्नेशियमची चाकं आणि ड्राय, म्हणजे तेलात न बुडणारा, क्लच. हा क्लच नुसत्या आयडलिंगवर भांड्यात चमचे खडखडावेत तसा वाजतो. नवख्याला वाटतं गाडी बिघडली. ज्याला ठाऊक आहे त्याच्या चेहऱ्यावर मात्र हसू फुटतं.

नवी असताना एनएसआर साधारण 6-7 लाख येनांची होती. आज चांगल्या स्थितीतली 10 लाखांच्या वर सहज जाते, आणि खरी एसपी त्याहून पुष्कळ पुढे. होंडाच्याच 1981 च्या सीबीएक्स 400 एफची गोष्ट तर अजबच. नवी असताना 5 लाख येनांच्या आत मिळणारी ही गाडी आज कित्येक दशलक्ष येन मागते. तिथल्या रस्त्यांवर हुल्लड करत फिरणाऱ्या टोळ्यांची ही लाडकी गाडी. त्या काळची बदनामीच आता तिचं आकर्षण झाली आहे. चोरांचाही तिच्यावर डोळा असतो, त्यामुळे मालक रात्री किती शांत झोपत असतील कोण जाणे.

आता कुणी म्हणेल, लाखोंनी विकलेल्या गाड्या दुर्मीळ कशा झाल्या? त्या वापरण्यासाठी होत्या, आणि वापरून संपल्या. सुझुका सर्किटवर 1980 पासून चार तासांची शर्यत भरू लागली, हौशी मुलं तिच्यात याच जातीच्या गाड्या घेऊन उतरायची. सुट्टीच्या दिवशी घाटातली वळणं होतीच. पहिल्या पडण्यात फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, फुटायचं. मूळ सायलेन्सर तर विकत घेतल्याच्या आठवड्यातच काढून कोपऱ्यात फेकला जायचा. म्हणून तेव्हा भंगारात गेलेला तो बोजड, काळा, कंपनीचा सायलेन्सर आज शोधून सापडत नाही, आणि सापडला तर विकणारा तोंडाला येईल ती किंमत सांगतो. कावासाकीच्या झेडएक्सआर गाड्यांना समोरच्या फेअरिंगपासून टाकीकडे हवेचे दोन जाड पाइप जात. लोक त्यांची वॉशिंग मशीनचे पाइप म्हणून टिंगल करत. आता ते पाइप जागेवर नसले की भाव पडतो.

मागणी वाढवायला परदेशही आले. ब्रिटनमध्ये नव्वदीत जपानहून वापरलेल्या गाड्यांचे कंटेनरच्या कंटेनर उतरले. ऑस्ट्रेलियात तेव्हा शिकाऊ चालकांना 250 ची मर्यादा असल्यामुळे सीबीआर तिकडे घरोघर पोचली. अमेरिकेत बाहेरची गाडी 25 वर्षांची झाली की सुरक्षेच्या नियमांतून सुटते, त्यामुळे 1988 ची एनएसआर 2013 मध्ये आणि 1993 ची 2018 मध्ये मोकळी झाली. दरम्यान प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि विसावं शतक संपता संपता या जपानी टू-स्ट्रोक 250 स्पोर्ट गाड्यांचं उत्पादनच थांबलं. चार सिलिंडरची 250 कावासाकीनं 2020 मध्ये झेडएक्स-25 आर म्हणून परत आणली. टू-स्ट्रोक मात्र या जपानी कंपन्यांपैकी कुणी परत आणली नाही.

इथे मला एक कुरकुर करायचीच आहे. संग्राहकांना कमी फिरलेली गाडी हवी असते. मीटरवर दोन हजार किलोमीटर, मूळ टायर, अंगावर ओरखडा नाही. फोटोला छान दिसते. पण टू-स्ट्रोक इंजिनाला नुसतं उभं राहणं मानवत नाही. क्रँकवरची रबरी सील कडक होतात. एनएसआरमध्ये तर दोन सिलिंडरच्या मधलं सील हीच दुखरी नस आहे, आणि ते बदलायला क्रँक पार उकलावा लागतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा बसतो, इलेक्ट्रॉनिक डबीतले कपॅसिटर म्हातारे होतात, मॅग्नेशियमच्या चाकांना आतून गंज धरतो. पंधरा वर्षं काचेमागे ठेवलेली गाडी आणि दर महिन्याला फिरवलेली, चाळीस हजार किलोमीटर झालेली गाडी यांत मी दुसरी घेईन. बाजार पहिलीला जास्त पैसे देतो. बाजाराचं त्याच्यापाशी, पण पहिलीच्या किमतीत इंजिन नव्यानं बांधायचा खर्च धरायला विसरू नका.

फसवणुकीचं थोडक्यात सांगतो. साध्या एनएसआरला होंडाच्या शर्यतीच्या गाड्यांवर असायचे तसे रॉथमन्स सिगारेटचे निळे-पांढरे रंग आणि सोनेरी चाकं चढवून एसपी म्हणून विकणं सोपं आहे. फेअरिंग नवं मिळतं, स्टिकर छापून मिळतात. खरं बोलतो तो फ्रेमवर ठोकलेला क्रमांक. रंग नंतर बघा, आधी हँडलखाली वाकून तो वाचा, आणि इंजिनाचाही ताडून पाहा.

आणि एमसी 28 घेत असाल तर एक गोष्ट आधी मागा. या गाडीला नेहमीच्या किल्लीऐवजी एक इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे. ठिणगी कधी पडायची याचा हिशोबही त्याच कार्डात साठवलेला असतो. शर्यतीसाठी वेगळं कार्ड मिळायचं, ते घातलं की दाबून ठेवलेली ताकद सुटायची. कार्ड हरवलं तर गाडी सुरूच होत नाही. तेव्हा विकणारा टाकी पुसत असेल, फोटो दाखवत असेल, तर दाखवू द्या. तुम्ही हात पुढे करून कार्ड मागा.

नमस्कार.