मागच्या चाकांवर खर्च केलेला पैसा: पहिल्या फोर्ड फोकसबद्दल

मित्रहो, गाडीचा विषय निघाला की आपण इंजिनापासून सुरुवात करतो. किती सीसी, पॉवर किती, ॲव्हरेज किती देते. आज मी दुसऱ्या टोकापासून, म्हणजे मागच्या चाकांपासून सुरुवात करणार आहे. समोरच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागची चाकं नुसती ओढली जातात असं आपण धरून चालतो. पण गाडी वळणावर कशी वागेल, खड्ड्यात कशी बसेल आणि चालवणाऱ्याला तिचा किती भरवसा वाटेल, यातलं निम्मं तिथेच ठरतं. हे समजून घ्यायला माझ्या मते पहिल्या पिढीच्या फोर्ड फोकसइतकं चांगलं उदाहरण नाही.

ही गाडी मार्च १९९८ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये लोकांसमोर आली आणि त्याच वर्षी युरोपात विक्रीला लागली. लांबी साधारण ४.१५ मीटर, पाच माणसांची बैठक, मागे उघडणारा मोठा दरवाजा. जर्मनीत सारलुई आणि स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया इथे ती बनायची. युरोपातल्या मध्यमवर्गीय घराची गाडी म्हणतात ती हीच: सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, संध्याकाळी सामान आणायचं, सुट्टीत समुद्रावर जायचं. भारतात ती अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही, त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांनी ती चालवलेली नसणार.

तिच्या आधीची एस्कॉर्ट मात्र तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल. महिंद्र आणि फोर्डच्या भागीदारीतून १९९६ पासून ती नाशिकला जोडली जायची. आपल्याकडे आली ती डिकीवाली सेदान. युरोपात याच पिढीची एस्कॉर्ट १९९० मध्ये आली तेव्हा तिथल्या मोटार-पत्रकारांनी तिच्यावर सडकून टीका केली होती. चालवायला निर्जीव, इंजिन खरखरीत, असा सूर होता. दोनच वर्षांत फोर्डला त्या गाडीत बरेच बदल करावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीला आपली सर्वात जास्त खपणारी गाडी अशी घाईने सुधारावी लागणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि माझ्या समजुतीप्रमाणे फोकसची खरी सुरुवात या अपमानात आहे.

एस्कॉर्टच्या मागे होता ट्विस्ट बीम. आजही आपल्या बहुतेक हॅचबॅकच्या मागे तोच असतो. दोन चाकांना जोडणारी, गरजेपुरती पिळली जाणारी पोलादी तुळई आणि तिला पुढच्या बाजूने बॉडीशी धरून ठेवणारे दोन रबरी बुश (सांध्यात बसवलेले रबराचे गोल तुकडे), एवढाच कारभार. स्वस्त, टिकाऊ आणि जागा कमी खाणारा. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, कारण चांगल्या इंजिनिअरच्या हातात तो उत्तम काम करतो. पण त्याचं वागणं कावडीसारखं असतं: एका टोकाच्या घागरीला धक्का बसला की दुसरी हलल्याशिवाय राहत नाही.

खरी अडचण त्या दोन बुशमध्ये आहे. रस्त्यावरचा सांधा किंवा खड्ड्याची कड लागली की चाकाला किंचित मागे सरकायला वाव हवा, म्हणजे झटका बॉडीत येत नाही. त्यासाठी बुश मऊ हवा. पण वळणावर टायरवर आडवा जोर येतो. हा जोर बुशच्या मागे लागत असल्यामुळे अख्खा ॲक्सल त्या मऊ रबरावर किंचित फिरतो आणि मागची चाकं वळणाच्या बाहेरच्या दिशेला तोंड करतात. मग गाडीचं शेपूट बाहेर झुकतं, चालवणारा दचकतो. ते टाळायला बुश कडक हवा. एकाच रबराच्या तुकड्याकडून दोन उलट्या अपेक्षा! बुश तिरके बसवून यातून थोडी वाट काढता येते, पण शेवटी कुठेतरी तडजोड करावीच लागते. गाडी एक तर वळणावर नेमकी होते नाही तर खड्ड्यात मऊ होते.

फोकसच्या इंजिनिअरांनी ही दोन कामं वेगळी केली. त्या रचनेला फोर्डने नाव दिलं कंट्रोल ब्लेड. प्रत्येक मागच्या चाकाला पुढून येणारी एक उभी, चपटी, पत्रा दाबून केलेली पाती आहे. तिचं पुढचं टोक एका मोठ्या मऊ बुशमध्ये बसतं. ही पाती ब्रेकचा ताण आणि मागे-पुढे बसणारे झटके सांभाळते. आडव्या दिशेला ती पातळ आहे, म्हणून बाजूचा जोर घ्यायच्या भानगडीत ती पडतच नाही. ते काम तीन आडव्या लिंककडे, म्हणजे चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांकडे आहे: एक वर, दोन खाली. खालच्या दोनपैकी पुढची चाकाची दिशा सांभाळते, मागची जाड लिंक स्प्रिंगचं ओझं घेते. या लिंकची लांबी आणि जागा अशी ठरवलेली आहे की वळणावर जोर आला की बाहेरचं मागचं चाक किंचित आतल्या बाजूला वळतं आणि गाडी स्थिर राहते.

म्हणजे पुढचा बुश हवा तेवढा मऊ ठेवा, वळणावर काही बिघडत नाही. लिंकचे बुश हवे तेवढे कडक ठेवा, खड्ड्यात काही बिघडत नाही. हे पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि आजही सांगताना तो होतोच.

अशी मल्टिलिंक, म्हणजे अनेक लिंकची, रचना महागड्या जर्मन गाड्यांमध्ये आधीपासून होती. फोकसची करामत म्हणजे ती लाखोंच्या संख्येने बनणाऱ्या घरगुती गाडीत परवडेल अशी केली. ॲल्युमिनियमचे घडीव भाग नाहीत, बहुतेक सगळं दाबलेल्या पत्र्याचं. सगळी जुळणी एका वेगळ्या चौकटीवर, म्हणजे सबफ्रेमवर होते आणि ती चौकट बॉडीला बोल्टने बसते. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगळे ठेवल्यामुळे डिकीतली जागाही फारशी गेली नाही. तरीही ट्विस्ट बीमपेक्षा हे महागच. त्याच काळातली फोक्सवॅगनची चौथ्या पिढीची गोल्फ आणि १९९८ चीच ओपेल ॲस्ट्रा, दोघींनी ट्विस्ट बीमच ठेवला होता. शोरूममध्ये वाकून गाडीखाली बघणारं गिऱ्हाईक नसतं. जे दिसत नाही त्यावर पैसा घालायला कंपनीत कुणीतरी हट्ट धरावा लागतो.

तो हट्ट धरणारा माणूस होता रिचर्ड पॅरी-जोन्स, वेल्सचा, अगदी तरुणपणी फोर्डमध्ये लागलेला. त्याची पन्नास मीटरची कसोटी प्रसिद्ध आहे. गाडी चांगली आहे की नाही हे पहिल्या पन्नास मीटरमध्ये कळलं पाहिजे, असं तो म्हणायचा. पार्किंगमधून बाहेर काढताना स्टिअरिंगचं वजन कसं लागतं, क्लच कुठे धरतो, ब्रेक पायाखाली कसा वाढत जातो, गिअर कसा पडतो, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बसतो का. फोर्डच्याच १९९३ च्या माँडेओ गाडीमध्ये त्याची ही दृष्टी दिसली होती, फोकसमध्ये ती पूर्ण उतरली. बेल्जियममधल्या लोमेलच्या फोर्डच्या चाचणी-रस्त्यांवर त्याचे लोक स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि बुश पुन्हा पुन्हा बदलून बघत.

आता ही गाडी चालवताना काय जाणवतं? स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. थोडं फिरवलं की गाडी थोडी वळते, जास्त फिरवलं की त्याच प्रमाणात जास्त. मधे पोकळी नाही आणि अचानक उसळी नाही. वळणावर बॉडी झुकते, आणि ती झुकू दिलेली आहे, कारण स्प्रिंग आवळून बसवलेले नाहीत. वळणाच्या मधोमध ॲक्सिलेटर सोडलात तर नाक हळूच आत येतं. शेपूट सुटत नाही. खराब पॅच आला तर मागच्या सीटवरच्या आजी-आजोबांना हादरा कमी बसतो, आणि त्याच रस्त्यावर चालवणाऱ्याचे हात निवांत राहतात. आराम आणि पकड यातलं एकच मिळेल, असं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला सांगितलं जात होतं. इथे दोन्ही मिळाले, तेही चौदा-पंधरा इंचांच्या साध्या चाकांवर.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. १.४, १.६, १.८ आणि २.० लिटर पेट्रोल, शिवाय १.८ डिझेल. १.४ या बॉडीला अपुरं पडतं. माझ्या मते सगळ्यात जमलेली जोडी १.६ ची, साधारण १०० हॉर्सपॉवर देणाऱ्या पूर्ण ॲल्युमिनियमच्या इंजिनाची. या इंजिनाच्या घडणीत यामाहाचाही हात होता. याच घराण्यातलं १.६ पुढे आपल्याकडच्या फोर्ड फिएस्टा सेदानमध्ये आलं, आणि ज्यांनी ती फिएस्टा घाटात पळवली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. धारदार कोनांचा बाहेरचा आकार आणि तिरकस डॅशबोर्ड सगळ्यांना रुचला नाही. आतलं प्लास्टिक गोल्फच्या शेजारी हलकं वाटतं. बॉनेट उघडायला पुढच्या बोधचिन्हामागे किल्ली घालावी लागते, तो प्रकार मला कधीच आवडला नाही. आणि जितक्या लिंक तितके बुश: गाडी जुनी झाली, ते झिजले, की मागून खडखड सुरू होते आणि मागचे टायर आतल्या कडेने घासतात. ट्विस्ट बीमच्या गाडीत मेकॅनिक मागच्या अलाइनमेंटकडे बघतही नाही. इथे बघावंच लागतं, नाही तर ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच निघून जातं.

फोकसला १९९९ ची युरोपियन कार ऑफ द इयर निवडलं गेलं. पण त्याहून मोठी पावती स्पर्धकांनी दिली. २००३ मध्ये पाचव्या पिढीची गोल्फ आली ती मागे मल्टिलिंक घेऊन, आणि तिची मांडणी फोकसच्या फार जवळची होती. त्याच पायावर स्कोडाची लॉरा आणि फोक्सवॅगनची जेटा उभ्या राहिल्या, आणि या दोन्ही गाड्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जोडल्या गेल्या. त्यामुळे फोकस इथे आली नसली तरी तिचा विचार मराठवाड्यातल्या कामगारांच्या हातून गेलेला आहे.

पुढे मात्र पैशाचं गणित पुन्हा वरचढ ठरलं. २०१८ च्या चौथ्या पिढीत फोकसच्या कमी ताकदीच्या इंजिनांना परत ट्विस्ट बीम मिळाला, आणि २०२५ मध्ये सारलुईतलं फोकसचं उत्पादन थांबलं.

तुमच्यापैकी जे विद्यार्थी आहेत त्यांना एवढंच सांगतो: ओळखीच्या गॅरेजमध्ये जुनी लॉरा किंवा जेटा रॅम्पवर चढलेली असेल तेव्हा पाच मिनिटं मागून मागच्या चाकाच्या आत बघा. पुढून येणारी उभी पाती आणि आडव्या लिंक हातात टॉर्च असेल तर सहज सापडतात. आधी मोठा बुश बघा, मग लिंकचा छोटा बुश बघा. दोन्हींच्या आकारातला फरक डोळ्यांना लगेच कळतो.