आधी पाय आले की डोकं?

श्रोते हो, नमस्कार.

नात्यात बाळ झाल्याचा फोन आला की आपण काय विचारतो, आठवून बघा. आधी "मुलगा की मुलगी?" आणि लगोलग, "नॉर्मल की सिझर?" उत्तर "सिझर" असलं की पलीकडून एक लांब सुस्कारा. "अगं बाई! सिझर झालं का?" जणू पोरगी पास झाली खरी, पण काठावर. माझ्या वेळी असे सुस्कारे मी आठवडाभर ऐकले. तुला कसं वाटलं, हे मात्र एकीनंही विचारलं नाही. मला छान वाटलं होतं. आज नऊ वर्षं झाली, ती सकाळ आठवली की अजून छान वाटतं. तेच सांगायला मी इथं बसले आहे.

मी कराड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पहिलं बाळंतपण माहेरी. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कळलं, की बाळ पोटात ऐसपैस बसलंय, डोकं वर आणि बूड खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून जागा आहे, फिरेल." बहुतेक बाळं फिरतातच. दिवस भरत येतात तेव्हा 100 मधली 3-4 च अशी बसून राहिलेली असतात. माझं त्यांतलं निघालं.

घरी येऊन सांगितलं, तर आई रडायच्या बेतात आणि आजी एकदम खूश. "म्हंजी पायाळू हाय की पोर!" पायाळू माणसाचा आपल्याकडे केवढा मान, ते तुम्हाला माहीत आहेच. पाठीत उसण भरली तर पायाळूनं लाथ मारावी, उसण उतरते. पायाळूला म्हणे जमिनीतलं धन दिसतं. आणि वीज कडाडत असताना त्यानं अंगणात जायचं नाही. आमच्या आळीतले शेवटचे पायाळू आजोबा वारल्यापासून आजीची कंबर बिनऔषधाची होती.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागं पेनानं चित्र काढलं. बाळाचा सगळ्यात मोठा आणि टणक भाग म्हणजे डोकं. ते आधी आलं की बाकीचं अंग मागोमाग येतं. पायाळू बाळाचं अंग आधी येतं, डोकं शेवटी. ते तिथं अडलं आणि नाळ दाबली गेली, तर हातात वेळ फार थोडा राहतो. पोटावरून हातानं बाळ फिरवून बघता येतं, पण माझ्या पोटात पाणी कमी होतं, त्यामुळे ते नको म्हणाल्या. 2000 साली 26 देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठरवून सिझर केलेल्या पायाळू बाळांना धोका बराच कमी दिसला, आणि तेव्हापासून जगभर अशा वेळी बहुतेक सिझरच करतात. त्या अभ्यासावर पुढं वादही झाले, हेसुद्धा त्यांनी लपवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर चिठ्ठी माझ्याकडं सरकवली आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

डॉक्टरनं मला हा प्रश्न जन्मात पहिल्यांदा विचारला होता. माझी सिझरची आठवण चांगली आहे, तिचं मूळ मला वाटतं त्या चिठ्ठीत आहे.

तारीख ठरल्यावर चुलत सासूबाईंनी जोशीबुवांकडून मुहूर्त आणला, पहाटे चार अठराचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडं मुहूर्त भूलतज्ज्ञ काढतात." तालुक्याच्या गावात एकच भूलतज्ज्ञ चार दवाखाने सांभाळतो, तेव्हा त्याची मोटारसायकल दारात लागली की शुभमंगल. 39 आठवडे भरलेले असावेत, एवढाच त्यांचा हट्ट. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते.

रात्रीपासून उपाशी. सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. टेबल इतकं अरुंद, की पहिला विचार आला, आपण मावणार का? पाठीतल्या इंजेक्शनची मला फार धास्ती होती. प्रत्यक्षात बसून, पोटाशी उशी धरून मांजरासारखी पाठ बाहेर काढायची असते. नऊ महिन्यांचं पोट घेऊन पाठ वाकवणं हे खरं अवघड काम, सुई त्या मानानं मुंगीएवढी. मग कढत पाण्यात पाय सोडावेत तशी ऊब उतरली, पाय जड झाले आणि थोड्या वेळानं ते माझे राहिलेच नाहीत.

समोर हिरवा पडदा. डोक्याशी भूलतज्ज्ञ उभे, आणि त्यांचं धावतं वर्णन सुरू. "आता पोटावर गार लागल्यासारखं वाटेल. आता ओढल्यासारखं होईल. ओढलेलं कळेल, दुखणार नाही. दुखलं तर तोंडातल्या तोंडात सोसू नका, मला सांगा." खरंच दुखलं नाही. बाई पिशवीत हात घालून किल्ली शोधते ना, तसं कुणीतरी माझ्या पोटात शोधतंय असं वाटत होतं. मग बरगडीखाली जोरात दाबलं आणि अंग एकदम हलकं झालं. पडद्याच्या वर आधी दोन जांभळट तळवे दिसले. मग बाकीची मुलगी दिसली. तिचा पहिला आवाज रडण्यापेक्षा तक्रारीचा होता. सिस्टरनं तिचा ओला गाल माझ्या गालाला लावला आणि ती गप्प झाली. तिचा आवाज बंद झाला आणि माझा सुरू झाला.

नंतर मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. तेही होईल असं आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. बाहेरच्यांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बाळ पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं, पण आतले थर एकेक करून शिवायला पुढं अर्धा-पाऊण तास जातो. माझे वडील नात हातात घेऊन त्या बंद दाराकडं बघत उभे होते. "पोरगी आली, माझी पोरगी का येईना?" म्हणून त्यांनी वॉर्डबॉयला सात वेळा विचारलं म्हणे. दवाखान्यांनी बाहेरच्या बाकावर बसलेल्यांसाठी एवढं एक वाक्य खर्च करायला हरकत नाही.

पहिल्याच तासात सिस्टरनं मला कुशीवर वळवून बाळ लावलं. सिझर झालं की दूध येत नाही, हे मी इतक्या जणींकडून ऐकलं होतं, की मला ते खरंच वाटायचं. वार बाहेर पडली की दूध यायची आज्ञा शरीराला मिळते, मग ती वार कुठल्या का वाटेनं बाहेर पडेना. कधी एखादा दिवस उशीर होतो इतकंच. तोवर घट्ट पिवळा चीक असतो, आणि बाळाला तो पुरतो. मांडीवर घेतलं की टाक्यांवर भार येतो, म्हणून तिला काखेत, पाय मागं सोडून धरायला शिकवलं. वर्तमानपत्राची गुंडाळी काखेत मारून हिंडतात, तशी ती दिसायची.

आता खोटं कशाला बोलू? भूल उतरल्यावर आणि पहिल्यांदा उभं केलं तेव्हा देव आठवला. हसू आलं तर हसायची चोरी, खोकला आला तर पोटाशी उशी दाबायची. आणि तो राष्ट्रीय प्रश्न, "गॅस पास झाला का?" डॉक्टर विचारतात ते ठीक. पण मोठे दीर, मामेसासरे, शाळेचे मुख्याध्यापक? एरवी माझ्याशी दोन शब्द न बोलणारी माणसं फोनवर गंभीर आवाजात ही चौकशी करायची. दुखणं मात्र रोज उतरत गेलं. चौथ्या दिवशी मी वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत जाऊन चहा घेऊन आले. इंजेक्शननं पाठ कायमची जाते म्हणतात, तशी माझी गेली नाही. वाकून दूध पाजलं की दुखते, आणि तशी ती नॉर्मलवालीचीही दुखते.

बाळंतिणीच्या खोलीत डिंकाचे लाडू खाता खाता मी सिझरचा इतिहास वाचून काढला. शिक्षिकेची खोड. ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून हे नाव पडलं म्हणतात, ते काही खरं दिसत नाही. त्याची आई ऑरेलिया पुढं कित्येक वर्षं हयात होती, आणि त्या काळी असं पोट चिरल्यावर बाई वाचणं जवळपास अशक्य. आपल्याकडं बिंदुसाराच्या जन्माची कथा आहे. विषबाधा झालेल्या राणीच्या पोटातून चाणक्यानं त्याला काढलं, असं सांगतात. त्या कथेतही राणी मरतेच. सुश्रुतसंहितेत पोट चिरून बाळ काढायचा उल्लेख आहे, तोही मेलेल्या बाईचं. 1876 मध्ये इटलीच्या एदुआर्दो पोरोंनी बाई वाचवली, पण तिचं गर्भाशय काढून टाकावं लागलं. गर्भाशयाला नीट टाके घालायची रीत जर्मनीतल्या माक्स झेंगर यांनी मांडली 1882 मध्ये, आणि पाठीतल्या भुलेचा प्रयोग ऑगस्ट बीअर यांनी केला 1898 मध्ये. म्हणजे आई जागी राहून बाळाचा गाल गालाला लावून घेतेय, हे सगळं अगदी अलीकडचं. माझ्या पणजीची थोरली बहीण अडून, तीन दिवस कळा देऊन गेली. तिचं नावसुद्धा घरात कुणाला आठवत नाही.

माझं सगळं ठरवून, निवांत झालं. नणंदेचं तसं नव्हतं. सरकारी दवाखान्यात सोळा तास कळा, पिशवीचं तोंड सात सेंटिमीटरवर येऊन अडलेलं, आणि रात्री दोन वाजता बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावायला लागले. तिथले तरुण डॉक्टर तिच्या डोक्याशी आले, बाळ दमलंय आणि आता थांबणं धोक्याचं आहे असं दोन-तीन वाक्यांत सांगितलं, तिनं मान हलवेपर्यंत थांबले आणि मग पळाले. एक वयस्क सिस्टर शेवटपर्यंत तिचा हात धरून होती. औषधं, ऑपरेशन, जेवण, घरी सोडायची गाडी, कशालाच पैसा लागला नाही. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं सिझरही मोफत आहे.

तरी दुसऱ्या दिवशी ती रडली. "वहिनी, माझ्याच्यानं झालं नाही." हे वाक्य कितीतरी जणी उशीत तोंड घालून म्हणत असतील. त्यातून बारशाला एक आत्या बोलल्याच, "आजकालच्या पोरींना कळा सोसत नाहीत." आमच्या सासूबाई फारशा बोलत नाहीत. त्या दिवशी पाळण्याची दोरी हातात धरूनच म्हणाल्या, "सोळा तास कळा सोसल्या आणि वर टाकेही सोसले. आपण दोघींनी एकच सोसलं होतं." आत्या घुगऱ्या खायला लागल्या. महिन्याभरानं नणंद मला म्हणाली, "त्या सिस्टरचा हात आठवतो बघ. टाके आठवत नाहीत."

सिझर चांगलं म्हणून सरसकट करा, असं मी म्हणत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभर खासगी दवाखान्यांत 100 मागे 47 बाळंतपणं सिझरची होती, सरकारीत 14. इतका फरक बायकांच्या पोटांत नसतो. आपल्या महाराष्ट्रात एकूण प्रमाण 25 च्या वर आहे. ही शस्त्रक्रिया आहे. रक्त जातं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांशी चिकटायची भीती असते. तेव्हा का करताय, थांबलो तर काय होईल, पुढच्या वेळी नॉर्मल होईल का, हे बाईनं विचारावं. पुष्कळ जणींचं पुढचं नॉर्मल होतंही, मात्र ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातच. डॉक्टरला ह्या प्रश्नांचा राग आला, तर तेही एक उत्तरच समजावं. पण गरज होती, बाईला विचारलं होतं, सांगितलं होतं, तर मग नंतर तो सुस्कारा कशासाठी?

आजीचं राहिलंच. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली आणि राउंडवर आलेल्या डॉक्टरीणबाईंना तिनं आडवलं. "बाई, पाय आधी आलं का डोस्कं?" त्या जराही न हसता म्हणाल्या, "आधी बूड, मग पाय, डोकं शेवटी." यावर आळीत महिनाभर खल झाला. पोर वाटेनं आलेलीच नाही, खिडकीतनं आलीय, मग ती पायाळू धरायची का? शेवटी आजीनंच निकाल दिला, "खिडकीतनं का असंना, डोस्कं मागंच हुतं." मुलगी आठ महिन्यांची झाल्यावर आजी ओसरीवर पालथी पडली आणि तिनं ते इवलं पाऊल कंबरेवर आपटून घेतलं. उसण उतरली असं तिचं म्हणणं. मी विज्ञानाची शिक्षिका, मी काही बोलले नाही.

आता मुलीला आळीतून बोलावणी येतात. एका लाथेचे दोन चिंचेचे गोळे, असा तिचा भाव आहे. मागच्या महिन्यात कळशी उचलताना शेजारच्या मावशींची पाठ धरली. माझ्या वेळी सगळ्यात लांब सुस्कारा ह्यांचाच होता. त्या पालथ्या झोपल्या, पोरीनं पाय उचलला आणि मध्येच थांबून विचारलं, "मावशी, मी सिझरची पायाळू आहे. चालेल ना?"

"चालंल गं बाई," मावशी म्हणाल्या, "हाण!"

नमस्कार.