डोक्यावर छप्पर कोणाच्या?

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढंच त्याचं काम. शिकवणं कॉलेजांकडे. परगावाहून आलेल्या पोरानं पथारी कुठे टाकायची, हे विद्यापीठानं पाहिलंच नाही. फोर्टात १८७८ पर्यंत राजाबाई टॉवर मात्र दिमाखात उभा राहिला.

ज्याच्या घरची ऐपत होती, त्याची सोय व्हायची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात वसतिगृह होतं; टिळक तिथेच राहून शिकले. गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागायचा, नाहीतर वार लावून जेवायचा: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. हाल होतेच, पण ती दारं त्याला उघडी तरी होती. अस्पृश्य मुलानं कोणाच्या ओसरीवर बसायचं? १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांचा अभ्यास परळच्या चाळीतल्या एका खोलीत झाला. सगळं कुटुंब तिथेच. वडील रात्री दोन वाजता उठवत, कारण शांतता तेवढीच मिळायची.

म्हणून मला शाहू महाराजांची दृष्टी फार मोठी वाटते. नुसती फी माफ करून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. कोल्हापुरात १९०१ साली मराठा आणि जैन, १९०६ साली मुस्लिम, १९०८ साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जातवार वसतिगृहं का, असं आज कोणी विचारतं. सगळ्यांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात ब्राह्मण मुलंच राहिली, हा अनुभव त्यामागे होता.

याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ केल्याशिवाय पंगतीत बसायचं नाही. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं.

पुढे १९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यात जे वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीत जेवायची. पैशांची चणचण कायमच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही, तेव्हा कुठे पोरांच्या ताटात भाकरी पडली. १९४७ साली भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेनं साताऱ्यात कॉलेज काढलं, तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. राहण्याजेवणाचा खर्च मुलांनी स्वतःच्या कष्टातून भागवायचा आणि पदवी घ्यायची.