वर सिम्फनी, खाली काजळी: लंडनच्या सेंट जेम्सेस हॉलची गोष्ट

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय एक इमारत आहे आणि ती इमारत आता अस्तित्वात नाही. लंडनमधील रीजंट स्ट्रीट आणि पिकॅडिली या दोन रस्त्यांच्या बेचक्यात, जिथे १९०८ साली पिकॅडिली हॉटेल उघडले, त्या जागेवर त्याआधी सत्तेचाळीस वर्षे सेंट जेम्सेस हॉल उभा होता. २५ मार्च १८५८ रोजी तो सुरू झाला. त्याच्यामागे चॅपेल आणि क्रेमर या संगीत प्रकाशित करणाऱ्या पेढ्यांचे भांडवल होते. त्याची रचना ओवेन जोन्स यांनी केली होती. स्पेनमधील अल्हम्ब्रा राजवाड्याच्या नक्षीचा ज्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला, ते हे जोन्स. साहजिकच या दालनाच्या छतावरही ती मूरिश झाक उतरली. मुख्य दालन सुमारे १४० फूट लांब, ६० फूट रुंद आणि तितकेच उंच असून त्यात दोन हजारांहून थोडे अधिक श्रोते बसत. या मुख्य दालनाच्या खाली दोन लहान दालने होती. वरच्या आणि खालच्या दालनांमध्ये जो मजला होता, त्याच्याविषयीच मला आज मुख्यतः बोलायचे आहे.

वरच्या दालनाचा इतिहास पाश्चात्त्य संगीताच्या कोणत्याही जाणकाराला ठाऊक असतो. तिथल्या सोमवारच्या लोकप्रिय मैफलींत योआखिम यांचे व्हायोलिन आणि क्लारा शूमान यांचा पियानो लंडनकरांनी वर्षानुवर्षे ऐकला. ड्वोर्झाक यांनी आपली सातवी सिम्फनी १८८५ मध्ये इथेच प्रथम सादर केली, १८८८ मध्ये चायकोव्हस्की इथे वाद्यवृंदासमोर उभे राहिले आणि एल्गार यांच्या ‘एनिग्मा’ रचनेचा पहिला प्रयोग १९ जून १८९९ रोजी हान्स रिश्टर यांच्या संचालनाखाली इथेच झाला. शेरलॉक होम्सलाही त्याच्या लेखकाने सारासाते यांचे व्हायोलिन ऐकायला याच हॉलमध्ये पाठवले आहे. आता कल्पना करा, की वर चार वादकांच्या चौकडीचे वादन एखाद्या अतिशय मंद जागेवर आले आहे, श्रोते श्वास रोखून बसले आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी पायांखालून खंजिरीचा खणखणाट, बँजोचा ठेका आणि हशा ऐकू येतो आहे. हे वारंवार घडत असे, कारण खालच्या दालनात मूर आणि बर्जेस यांची मिन्स्ट्रेल मंडळी ठाण मांडून बसलेली होती.

मिन्स्ट्रेल खेळ म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहू. बाटलीचे बूच जाळायचे, त्याची राख बारीक करून पाण्यात कालवायची आणि तो लेप गोऱ्या चेहऱ्याला फासायचा. ओठांभोवतीचा भाग तसाच ठेवायचा किंवा रंगवून मोठा करायचा, म्हणजे दिव्यांच्या उजेडात तोंड प्रचंड दिसे. अशी दहा-वीस माणसे, आणि मोठ्या मंडळीत त्याहूनही अधिक, अर्धवर्तुळात खुर्च्या मांडून बसत. मधोमध भारदस्त इंग्रजी बोलणारा एक गृहस्थ असे, ज्याला आपण सूत्रधार म्हणू. दोन टोकांना दोन विदूषक असत, एकाच्या हातात खंजिरी आणि दुसऱ्याच्या हातात हाडांच्या चिपळ्या. टोकाच्या दोघांनी मधल्याची फिरकी घ्यायची, त्याने आब राखून उत्तरे द्यायची, मध्येच एखाद्याने उठून डोळ्यांत पाणी आणणारे गाणे म्हणायचे, हा पहिला भाग. नंतर सुटे नाचगाण्याचे प्रकार आणि शेवटी एक फार्स. सूत्रधार-विदूषकाची ही चकमक विष्णुदास भावे यांच्या नाटकांची परंपरा ठाऊक असलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. मात्र आपला विदूषक शहाण्यांची टर उडवतो, तर इथे ज्या कृष्णवर्णीय माणसाचे सोंग घेतले होते त्याचीच टर उडवली जात होती, आणि तो माणूस अमेरिकेत नुकताच गुलाम होता किंवा अजून गुलाम होता.

हा प्रकार अमेरिकेतून आला. थॉमस राइस या नटाने ‘जिम क्रो’चे सोंग १८३६ मध्ये लंडनला आणले, पूर्ण मंडळीच्या स्वरूपातला खेळ १८४३ पासून इंग्लंडला दिसू लागला. १८५७ च्या ऑगस्टमध्ये रेनर आणि पिअर्स यांची ‘क्रिस्टीज मिन्स्ट्रेल्स’ ही मंडळी सेंट जेम्सेस थिएटरमध्ये उतरली. (हे थिएटर वेगळे, किंग स्ट्रीटवरचे, नावातल्या साम्यामुळे चांगल्या अभ्यासकांचीही गफलत होते.) त्यांचे यश इतके मोठे होते, की आपण जसे कोणत्याही यंत्रावर काढलेल्या प्रतीला झेरॉक्स म्हणतो, तसे इंग्लंडात काळे फासून गाणाऱ्या कोणत्याही मंडळीला ‘क्रिस्टी’ म्हणू लागले. मूळ मंडळी फुटली, नट इकडून तिकडे गेले, आणि त्या घडामोडींतून जॉर्ज वॉशिंग्टन मूर हा न्यूयॉर्कचा नट आणि फ्रेडरिक बर्जेस हा व्यवस्थापक यांची जोडी १८६० च्या दशकात सेंट जेम्सेस हॉलच्या खालच्या दालनात स्थिरावली. लंडनबाहेर आम्ही कधीही खेळ करत नाही, ही त्यांची जाहिरात होती. शतक संपेपर्यंत त्यांनी तो मुक्काम हलवला नाही.

एवढा दीर्घ मुक्काम का टिकला? गाणी गोड होती, प्रयोग बेतशीर होता, हे खरेच. पण माझ्या मते खरे कारण इमारतीतच आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली अनेक धर्मनिष्ठ कुटुंबे नाटकगृहाची पायरी चढत नसत. म्युझिक हॉल म्हणजे हलक्याफुलक्या करमणुकीचे ठिकाण; दारू आणि द्व्यर्थी गाणी यांमुळे तो तर वर्ज्यच होता. सेंट जेम्सेस मात्र मैफलींचा ‘हॉल’ होता. जिथे बेथोव्हन ऐकायला जायचे, त्याच वास्तूत मुलाबाळांना घेऊन मिन्स्ट्रेल पाहायला जाण्यात पाद्रीबुवांनाही संकोच वाटत नसे, आणि मंडळीही अश्लीलतेचा शब्द येणार नाही याची कसोशीने काळजी घेत. म्हणजे वरच्या मजल्याची प्रतिष्ठा झिरपत खाली येत होती. वरचे श्रोते खालून येणाऱ्या आवाजाबद्दल कुरकुरत, हे आपण पाहिले. खाली काय चालले आहे याबद्दल मात्र फारसे कोणी कुरकुरत नव्हते. हा तोच समाज होता, ज्याने १८३३ च्या कायद्याने आपल्या साम्राज्यातील गुलामगिरी रद्द केली होती आणि १८५२ मध्ये ‘अंकल टॉम’ या कादंबरीतल्या गुलामाची कहाणी वाचून अश्रू ढाळले होते.

या दुहेरीपणाचा एक धागा थेट कादंबरीकार डिकन्सपर्यंत जातो. १८४२ च्या अमेरिका प्रवासात त्यांनी न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत एका कृष्णवर्णीय तरुणाचे अद्भुत नृत्य पाहिले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याचे रसभरीत वर्णन केले. तो नर्तक विल्यम हेन्री लेन, म्हणजेच ‘जुबा’, असे मानले जाते. तो १८४८ मध्ये लंडनला आला, तेव्हा डिकन्स यांच्या टोपणनावाचा आधार घेऊन ‘बॉझचा जुबा’ अशीच त्याची जाहिरात झाली, आणि गोऱ्या मिन्स्ट्रेलांच्या मंडळीत त्याला उभे केले गेले. तो तरुण वयातच वारला. डिकन्स यांनी आपले अखेरचे जाहीर वाचन १५ मार्च १८७० रोजी केले, ते सेंट जेम्सेस हॉलच्या वरच्या दालनात.

मग खरे कृष्णवर्णीय कलावंत आले तेव्हा काय झाले? १८६६ मध्ये सॅम हेग या इंग्रज नर्तकाने गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांची एक मंडळी जॉर्जियाहून लिव्हरपूलला आणली. प्रेक्षकांना काळे फासलेले गोरे अधिक रुचतात, असे लक्षात आल्यावर हेगने हळूहळू त्या माणसांच्या जागी गोरे नट घेतले. सोंगाने मूळ माणसाला रंगमंचावरून ढकलले, याहून उघड पुरावा मला दुसरा मिळालेला नाही. याला अपवाद फिस्क ज्युबिली सिंगर्सचा. नॅशव्हिलच्या विद्यापीठासाठी निधी जमवायला निघालेले हे विद्यार्थी १८७३ मध्ये लंडनला आले. काळे न फासता, विनोद न करता, साध्या पोशाखात उभे राहून त्यांनी आपल्या पूर्वजांची भक्तिगीते गायली आणि राणीनेही ती ऐकली.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केली. त्याच सुमारास डेव्ह कार्सन हा अमेरिकन मिन्स्ट्रेल नट मुंबई-कलकत्त्यात खेळ करून पैसा मिळवत होता. त्याने आपल्या थट्टेचे लक्ष्य फक्त बदलले: धोतर नेसून, मोडके इंग्रजी बोलत तो ‘बंगाली बाबू’ रंगवी. कलकत्त्याचे नट अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी १८७३ मध्ये त्याला ‘मुस्तफी साहेब का पक्का तमाशा’ या खेळाने उत्तर दिले आणि साहेबाचे सोंग घेऊन साहेबाचीच भंबेरी उडवली. लंडनच्या खालच्या दालनाला असे उत्तर रंगमंचावरून कधी मिळाले नाही.

शतक संपता संपता मिन्स्ट्रेल खेळ जुनाट वाटू लागला. मूर यांचे जावई यूजीन स्ट्रॅटन दहाएक वर्षे मंडळीत काढून म्युझिक हॉलकडे वळले, पण चेहऱ्यावरची काजळी त्यांनी तिथेही नेली. वरच्या दालनातल्या मैफली लांघम प्लेसचा नवा क्वीन्स हॉल ओढू लागला होता. फेब्रुवारी १९०५ मध्ये सेंट जेम्सेस हॉल बंद झाला आणि पाडला गेला.

सोंग मात्र संपले नाही. हॉल उघडल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५८ मध्ये, बीबीसीने दूरचित्रवाणीवर काळे फासलेल्या गायकांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. त्याचा रंगमंचावरचा अवतार १९६२ पासून व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये दहा वर्षे चालला. १९६७ मध्ये वर्णभेदविरोधी संघटनेने तो बंद करावा असा अर्ज बीबीसीला दिला. घराघरांतून आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसून पाहत असलेला तो निर्मळ कार्यक्रम त्यानंतर आणखी अकरा वर्षे चालू राहिला.