हक्क कुठं राहतो?

(ज्येष्ठ नागरिक संघात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, 'परदेशी राहणारे ब्रिटिश पेन्शनर आणि सरकारी आरोग्यसेवा'. पुण्यात बसून हे कशाला ऐकायचं, असं काही जणांना वाटलं असेल. तेव्हा आधी एक करा. ब्रिटनची पेन्शन घेणाऱ्यांनी हात वर करा. एक, दोन... सात. एका संघात सात जण! म्हणजे मी बरोबर ठिकाणी आले.

गेली अकरा वर्षं मी ओळखीतल्या परतलेल्या लोकांचे कागद भरून देते. सुरुवात हयातीच्या दाखल्यापासून झाली. आपल्याकडं नोव्हेंबर उजाडला की बँकेत रांग लागते, तसा यांचा दाखला तिकडून पोस्टानं येतो आणि त्यावर साक्षीदाराची सही लागते. एक आजी मला म्हणाल्या, "अगं, मी जिवंत आहे हे मी स्वतः सांगून भागत नाही होय?" हसा, हसा, पण तो कागद वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते. ज्यांचा आला असेल त्यांनी उशी-गादीखाली ठेवू नका.

आता ज्यांच्यामुळं मी या विषयात पडले, त्या अण्णाकाकांचं सांगते. माझे धाकटे चुलते. पुण्याच्या बीजे मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि १९६७ साली ब्रिटनला गेले. त्या काळात आपल्याकडून डॉक्टरांची रीघच लागली होती. त्यांना कामं कुठली मिळाली? तिथले डॉक्टर जिथं जायला राजी नसत ती. म्हाताऱ्यांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, खाणींच्या गावातले दवाखाने. अण्णाकाकांच्या वाट्याला दक्षिण वेल्समधलं एक खोरं आलं. डोंगराच्या पलीकडं ट्रेडेगार, म्हणजे अन्यूरिन बेव्हनचं गाव. आरोग्यमंत्री म्हणून ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू केली ते बेव्हन. त्या गावात आधीपासून खाणकामगार आठवड्याच्या पगारातले काही पेनी एका मंडळात टाकायचे आणि त्यातून घरच्यांना डॉक्टर मिळायचा. बेव्हननी ते साऱ्या देशाला दिलं, पण देताना वर्गणी आणि औषध यांची गाठ सोडवली. पैसे भरले असोत वा नसोत, इथं राहतोस ना, मग ये. हे ध्यानात ठेवा, मला परत इथंच यायचंय.

अण्णाकाका तीस वर्षं त्या एका गावात होते. छातीत कोळशाची धूळ बसलेली माणसं रोज समोर. स्टेथोस्कोपची चकती आधी मुठीत धरायची, ऊब आली की मगच छातीला लावायची, ही त्यांची सवय. २००५ साली पुण्याला परतले, तरी शेजारच्या पोराची छाती तपासताना ऐन मे महिन्यात ते चकती मुठीत धरायचे.

२०१८ च्या फेब्रुवारीत ते लेस्टरला मुलीकडं गेले. दाराच्या पायरीवर बर्फ होता. पाय घसरला आणि खुबा मोडला. अँब्युलन्स आली, अपघात विभागात पाहिलं, तिथवर पैशाचं नाव नाही. मग वॉर्डात घेतलं, शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी एक बाई फाइल घेऊन खाटेशेजारी बसल्या. "तुम्ही नेहमी कुठं राहता?" पुण्यात. "किती वर्षं?" तेरा. अण्णाकाकांनी खरं तेच सांगितलं. काही आठवड्यांनी बिल आलं, ठरलेल्या दराच्या दीडपट. एप्रिल २०१५ पासून इंग्लंडमध्ये तोच नियम आहे. युरोपाबाहेर राहणाऱ्याला, मग तो ब्रिटिश नागरिक का असेना, रुग्णालयातल्या उपचारांचे १५० टक्के. रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही, त्यांनी नियम पाळला. पण बिलाचा तो कागद अण्णाकाकांच्या चष्म्याच्या डबीखाली कितीतरी दिवस होता. मला फोनवर म्हणाले, "मी पैसे भरले नव्हते का गं?"

भरले होते, अण्णाकाका. अडतीस वर्षं भरले होते. पण त्या पैशांनी दवाखाना विकत घेतलेला नव्हता. पगारातून कापले जाणारे नॅशनल इन्शुरन्सचे हप्ते मुख्यतः पेन्शनचे. एनएचएसचा बहुतेक पैसा साध्या करांतून येतो आणि तिचा दरवाजा 'ऑर्डिनरिली रेसिडेंट' माणसाला उघडतो, म्हणजे जो तिथं रीतसर, कायमचा राहतो त्याला. पासपोर्ट विचारत नाहीत, हप्ते विचारत नाहीत, घर कुठं ते विचारतात. बेव्हननी गरिबासाठी जी गाठ सोडवली, तिच्यामुळंच म्हातारपणी घरी परतलेला माणूस बाहेर राहिला. मला हे फार लागतं.

आता दुसरी बाजू बघा. अण्णाकाकांचाच एखादा पेशंट निवृत्तीनंतर स्पेनला, अलिकान्तेच्या समुद्रकाठी राहायला गेला असं धरा. तो ब्रिटनकडून एस-वन नावाचा फॉर्म घेतो, तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या कार्यालयात नोंदवतो आणि त्याला स्पॅनिश माणसासारखं सरकारी दवाखान्याचं कार्ड मिळतं. खर्च ब्रिटन भरतं. ब्रेक्झिटनंतरही हे टिकलंय. २०२० संपायच्या आत गेलेला असेल, तर तो इंग्लंडला पाहुणा म्हणून आला तरी त्याला बिल नाही. २०१७ साली नफील्ड ट्रस्ट या आरोग्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटिश संस्थेनं हिशेब मांडला होता. युरोपात असे सुमारे १,९०,००० पेन्शनर, त्यांच्यावर ब्रिटनचा खर्च वर्षाला ५० कोटी पौंडांच्या घरात, आणि तेच सगळे मायदेशी परतले तर खर्च जवळपास दुप्पट. म्हणजे म्हातारा माणूस बाहेर राहिला तर ब्रिटनचा पैसा वाचतो! मग तो अलिकान्तेत राहिला काय आणि कोथरुडात राहिला काय?

फरक एवढाच की स्पेनशी करार आहे, भारताशी नाही.

पेन्शनचीही तीच गत. २००५ साली सरकारची पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला ८२.०५ पौंड होती, २०२५ साली ती १७६.४५ झाली. त्या साली पूर्ण पेन्शन घेऊन पुण्याला आलेला माणूस आजही ८२.०५ वरच आहे. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सगळीकडं गोठलेली. अमेरिकेत मात्र वाढते. नायगाराच्या धबधब्याच्या अमेरिकेकडच्या काठाला वाढते, पलीकडं कॅनडाच्या काठाला वाढत नाही. पाणी तेच! डॉक्टरांची एनएचएसची पेन्शन निराळी, ती कुठंही राहिलात तरी वाढते, म्हणून अण्णाकाकांचं निभावलं. कोव्हेंट्रीच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाकडं बहुतेक वेळा ही गोठलेली एवढीच. आणि कमाल पुढं आहे. गोठलेली पेन्शनवाला ब्रिटनला गेला, तर तेवढ्या मुक्कामापुरती त्याला चालू दरानं पेन्शन मागता येते. त्याच आठवड्यांत पेन्शन खातं म्हणतं, तू इथं आहेस. रुग्णालय म्हणतं, तू पुण्याचा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. खरं तर 'काय करता येईल' हाच माझा मुख्य विषय होता. भराभर सांगते.

कोर्टाची वाट चालून झालीय. कार्सन आणि इतरांचा पेन्शनचा खटला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात २०१० च्या मार्चमध्ये ११ विरुद्ध ६ मतांनी हरला. हप्ते भरले म्हणून वाढीचा हक्क येत नाही, असं ठरलं. राहिला करार. २०२५ च्या जुलैत ब्रिटन-भारत व्यापार करारावर सह्या झाल्या. थोड्या काळासाठी तिकडं जाणाऱ्या नोकरदारांना दोन्हीकडं हप्ते भरावे लागू नयेत, असंही ठरलं. म्हणजे दोन्ही सरकारं हप्त्यांवर बोलू शकतात. मग पेन्शनवाढीवर आणि दवाखान्यावरही बोला. खासदारांना पत्र लिहायचं ते नेमकं हेच मागायला, दिल्लीतही आणि लंडनमधेही.

तोवर तीन गोष्टी. मुलांकडं जाताना प्रवासविमा काढल्याशिवाय विमानात बसू नका, आणि जुनं दुखणं त्यात लिहा. इथला आरोग्यविमा लवकर घ्या. २०२४ पासून ६५ वयाची अट गेलीय, पण जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि ब्रिटिश पासपोर्ट असेल व खरोखर कायमचं परत जायचं असेल, तर पहिल्या दिवसापासून एनएचएस तुमची आहे, सहा महिने थांबायला लागत नाही. फक्त घर, सामान, इथला गाशा गुंडाळल्याचे कागद जवळ ठेवा.

अण्णाकाकांनी तो पर्याय घेतला नाही. बिल मुलीनं हप्त्याहप्त्यानं फेडलं. त्याची प्रत मी आणलीय, खाली टेबलावर आहे. ज्या सात जणांनी हात वर केले, त्यांनी चहाला थांबावं.