पुण्याच्या फ्लाइटच्या कागदावर मुंबई का लिहिलेली असते

(दृश्य: लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, मे महिन्यातली संध्याकाळ, कुंपणाबाहेरून दिसणारा रनवे, वर भरून आलेलं आभाळ)

जगभर फ्लाइट प्लॅनचा जो फॉर्म भरतात त्यात १६ नंबरचा एक रकाना असतो. तिथं आधी जायचंय ते ठिकाण चार अक्षरांत लिहायचं, पुण्यासाठी व्ही ए पी ओ, मग किती वेळ लागणार ते, आणि त्याच्या शेजारी अजून एका विमानतळाची चार अक्षरं. कधी मुंबई, व्ही ए बी बी, कधी गोवा, कधी हैदराबाद, कधी अहमदाबाद. म्हणजे तुम्ही दिल्लीहून पुण्याचं तिकीट काढून निवांत बसलाय, पण विमान हलायच्या आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय की पुण्यात नाहीच जमलं तर जायचं कुठं, आणि तिथवर पोचायचं इंधनसुद्धा टाकीत भरून झालंय.

याला ऑल्टरनेट म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी की हवा बिघडली, पायलटनं वरच्या वर विचार केला आणि विमान मुंबईला वळवलं. वळवायचा निर्णय वरच होतो, खरंय, पण ते वळवता येईल याची सोय दोन-अडीच तास आधी विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये बसलेल्या डिस्पॅचरनं, म्हणजे जमिनीवरून फ्लाइटची आखणी करणाऱ्या माणसानं, केलेली असते, आणि कॅप्टननं ती बघून सही केलेली असते.

मग प्रश्न येतो, की हे दरवेळी लागतंच का? तर नाही. आणि कधी लागत नाही हे बघितलं ना, की पुण्याचं प्रकरण बरोबर समजतं.

अमेरिकेत ट्रेनिंग घेऊन आलेली आपल्याकडची पोरं आहेत त्यांना झोपेतून उठवून विचारा, वन टू थ्री म्हणतील. तिकडचा नियम असा, की तुमची पोचायची जी वेळ आहे तिच्या १ तास आधीपासून १ तास नंतरपर्यंत, ढगांचं सीलिंग विमानतळापासून निदान २००० फूट वर पाहिजे आणि व्हिजिबिलिटी निदान ३ मैल, म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या आसपास. अंदाजात हे सगळं बसत असेल तर ऑल्टरनेट लिहिला नाही तरी चालतो. यातली एक गोष्ट जरी घसरली, समजा ढग १८०० फुटांवर येणार असं अंदाजात दिसलं, तर लिहावाच लागतो. सीलिंग म्हणजे आभाळात दिसणारा कुठलाही ढग नव्हे हं, ज्या थरानं अर्ध्याहून जास्त आभाळ झाकलंय असा सगळ्यात खालचा थर. इकडंतिकडं कापसासारखे विखुरलेले असतील तर ते मोजत नाहीत.

यात खरी मेख आहे ती अंदाज या गोष्टीत. आत्ता तिथं ऊन पडलंय याला काही किंमत नाही, तुम्ही पोचाल तेव्हा काय असेल ते बघायचं. विमानतळाच्या अंदाजात वेळेप्रमाणे ओळी असतात, अमुक वाजल्यापासून हवा अशी, मग मध्येच एक ओळ येते की सहा ते नऊ या दरम्यान थोडा थोडा वेळ गडगडाटी पाऊस, व्हिजिबिलिटी १५०० मीटर. आता थोडा थोडा वेळ म्हणजे नेमका कुठला वेळ हे वरुणराजाला माहीत. पण तुमची पोचायची वेळ जर साडेसात असेल तर शहाणा डिस्पॅचर ती ओळ धरूनच चालतो.

(दृश्य: शिवाजीनगर, हवामान खात्याची जुनी दगडी इमारत)

पुणेकरांना हवामानाचा अंदाज तसा घरचाच विषय. शिमला ऑफिस चौकातून रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना ठाऊक नसेल, पण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथं आलं, म्हणून ते शिमला ऑफिस, आणि पुढं १९४४ ला दिल्लीला गेलं तरी नाव काही गेलं नाही. असो.

तर अमेरिकेचा नियम मुख्यतः हवा विचारतो. आयकाओ, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या नियमात अजून एक अट आहे आणि आपल्या दृष्टीनं तीच महत्त्वाची. हवा इतकी चांगली पाहिजे की डोळ्यांनी बघून उतरता येईल, हे झालंच, पण त्याबरोबर त्या विमानतळावर वेगवेगळे रनवे पाहिजेत. वेगवेगळे म्हणजे एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहील असे, आणि त्यातल्या निदान एकावर तरी यंत्रांच्या मदतीनं उतरायची सोय पाहिजे. युरोपातही थोड्याफार फरकानं हेच, दोन रनवे, २००० फूट सीलिंग, ५ किलोमीटर व्हिजिबिलिटी, आणि फ्लाइट ६ तासांच्या आतली.

आता या चष्म्यातून लोहगाव बघा. रनवे किती? एक. त्याचं नाव दहा-अठ्ठावीस, साधारण अडीच किलोमीटर लांब, आणि तोही हवाई दलाचा, आपली प्रवासी विमानं तिथं पाहुणी म्हणून वावरतात. सुखोई जातात तोच रनवे, दिल्लीची फ्लाइट उतरते तोच रनवे. त्यामुळं फेब्रुवारीतली लख्ख दुपार असू दे, आभाळात ढगाचं नाव नसू दे, या नियमानं पुण्याला येणाऱ्या विमानाला ऑल्टरनेट लागणारच. कारण रनवे बंद पडायला पाऊसच लागतो असं थोडीच आहे, एखाद्या विमानाचा टायर फुटून ते मधोमध बसलं की झालं, आणि लोहगावात तर बिबट्या दिसल्याच्या बातम्यापण आपण वाचल्यात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रनवेचं काम काढलं तेव्हा १६ ते २९ तारखेपर्यंत १४ दिवस अख्खं विमानतळ बंद होतं, आठवत असेल बऱ्याच जणांना. पुरंदरचा नवा विमानतळ होईल तेव्हा होईल, आज तरी पुण्याला दुसरा रनवे नाही.

मुंबईला दोन आहेत, पण ते एकमेकांना छेदतात. १ जुलै २०१९ च्या रात्री भर पावसात जयपूरहून आलेलं एक विमान मुख्य रनवेच्या टोकावरून पुढं जाऊन चिखलात रुतलं, ते काढायला काही दिवस गेले, तेवढे दिवस मुंबई दुसऱ्या छोट्या रनवेवर चालली. ते रुतलं टोकाला म्हणून बरं, छेद जातो तिथं अडकलं असतं तर दोन असून नसल्यासारखे. माझं मत विचाराल तर नकाशावर रनवे किती दिसतात यापेक्षा ते कसे टाकलेत हे आधी बघावं.

(दृश्य: कॉकपिट, फ्युएलचे आकडे)

इंधनाचं गणित. आधी टॅक्सीपुरतं, म्हणजे जमिनीवरून रनवेपर्यंत चालत जाण्यापुरतं, मग ठिकाणापर्यंतचं, मग वाटेत वारा वगैरे वेगळा निघाला तर म्हणून साधारण ५ टक्के, मग ऑल्टरनेटपर्यंतचं, आणि सगळ्यात शेवटी जेट विमानाला ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं, ज्याला फायनल रिझर्व्ह म्हणतात आणि ज्याला हात लावायचा नसतो. एअरबस ३२० ला हा अर्धा तास म्हणजे टन-सव्वा टन तरी धरा. कॅप्टनला वाटलं तर वर अजून घेतो, पण जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधनच जळतं, त्यामुळं कंपनीचा डोळा तिथं असतोच.

लक्षात घ्या, ऑल्टरनेटचं इंधन हे काही पुण्यावर गोल गोल फिरायला दिलेलं नसतं. घिरट्या घालत बसलात तर जास्तीचं संपतं आणि एक क्षण असा येतो की आत्ता निघालात तरच ऑल्टरनेट गाठता येईल. तो क्षण गेला की कागदावरची ती चार अक्षरं नुसती अक्षरं उरतात. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणाऱ्या एका बोइंग ७०७ चं अगदी हेच झालं. ऑल्टरनेट बॉस्टन होता, पण हवा खराब, ट्रॅफिक तुंबलेला, तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळून सव्वा तासाच्या वर थांबवून ठेवलं, आणि कंट्रोलरनं ऑल्टरनेट विचारला तेव्हा बॉस्टन हाताबाहेर गेलं होतं. पायलट प्रायॉरिटी मागत राहिले, इमर्जन्सी हा शब्द काही उच्चारला नाही. इंजिनं थंड पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. आता यासाठी ठरलेले शब्द आहेत, मिनिमम फ्युएल, म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही, आणि फायनल रिझर्व्हला हात लागणार असं दिसलं की सरळ मेडे फ्युएल, म्हणजे इमर्जन्सीच.

आपल्याकडचंही एक आहे, १८ ऑगस्ट २०१५, दोह्याहून कोचीला पहाटे आलेलं बोइंग ७३७. कोचीत दिसत नव्हतं, तीनदा प्रयत्न केला. प्लॅनमध्ये ऑल्टरनेट बंगळूर होता, पण ते गेले तिरुवनंतपुरमला, जवळ म्हणून. तसा पायलटवर कागदावरच्याच ठिकाणी जायचं बंधन नसतं, त्या घडीला जे बरं दिसेल तिथं जाता येतं. पण तिकडं पोचेपर्यंत तिथलीही हवा बसली. किनारा तोच, पावसाळा तोच, पहाटेची वेळ तीच! एकूण सातव्या प्रयत्नात विमान टेकलं तेव्हा टाकीत ३४९ किलो इंधन होतं, म्हणजे जेमतेम दहा मिनिटांचं उडणं.

म्हणून मुंबई हा पुण्याचा सगळ्यात सोपा ऑल्टरनेट असला तरी दरवेळी चांगला असतोच असं नाही. मे मधला वळीव असेल तर ठीक, पुण्यावर गडगडतंय तेव्हा मुंबई कोरडी असू शकते, जाऊन तासाभरानं परत या. जुलैमध्ये मात्र घाटाच्या अलीकडं-पलीकडं एकच ढग, मुंबई स्वतःच रडत असते, वर पुण्याची, सुरतेची, नाशिकची विमानं तिच्याच दारात. तेव्हा डिस्पॅचर हैदराबाद किंवा अहमदाबाद लिहितो, जास्तीचं इंधन गेलं तर गेलं. नियमानं ऑल्टरनेटच्या हवेलाही अटी आहेतच, अमेरिकेत साधारण ६०० फूट सीलिंग आणि २ मैल व्हिजिबिलिटी, तिथं उतरवायची अचूक यंत्रणा नसेल तर ८०० फूट. आणि मुक्कामाच्या ठिकाणचा अंदाजच उतरण्याच्या मर्यादेखाली असेल, किंवा अंदाजच मिळत नसेल, तर आयकाओ म्हणतं एक नको, दोन ऑल्टरनेट लिहा.

नियमात बसतंय म्हणून ऑल्टरनेट सोडून देणं कुठं नेतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पॅसिफिकमधलं आहे. नोव्हेंबर २००९, सामोआहून पेशंट घेऊन ऑस्ट्रेलियाला निघालेलं छोटं जेट, वाटेत नॉरफोक बेटावर इंधन घ्यायचं. निघताना अंदाज ठीक होता, तेव्हाच्या तिकडच्या नियमानं अशा फ्लाइटला ऑल्टरनेट लागत नव्हता, टाक्याही पूर्ण भरल्या नव्हत्या. वाटेत हवा बिघडत गेली, बेटावर पोचल्यावर अंधारात चार वेळा खाली येऊन बघितलं, रनवे दिसला नाही. आजूबाजूला शेकडो मैल फक्त समुद्र. शेवटी विमान पाण्यात उतरवलं. सहाच्या सहा जण वाचले, हे नशीबच म्हणायचं. कायदा एकही मोडला नव्हता म्हणे, ऑल्टरनेटपुरता तरी.

(दृश्य: डिसेंबरची सकाळ, धुक्यात उभं असलेलं विमान)

एक छोटी गोष्ट राहिली, उडतानाचा ऑल्टरनेट. डिसेंबर-जानेवारीत लोहगावला सकाळी धुकं असतं, कधी कधी असं होतं की उडण्यापुरतं दिसतंय पण उतरण्यापुरतं नाही. उडालात आणि एक इंजिन गेलं तर परत इथं येता येणार नाही, मग जायचं कुठं ते आधीच ठरवायचं. दोन इंजिनांच्या विमानाला ते ठिकाण एका इंजिनावर तासाभरात गाठता येईल एवढं जवळ पाहिजे. हे १६ नंबरच्या रकान्यात नसतं, १८ नंबरमध्ये जातं.

आणि समजा गेलंच तुमचं विमान मुंबईला. तिथं पार्किंगला जागा पाहिजे, इंधन भरायला गाडी पाहिजे, नवीन फ्लाइट प्लॅन पाहिजे, ज्यात परत एक ऑल्टरनेट, आणि तो मुंबईच असतो बऱ्याचदा. एवढं होईस्तोवर क्रूचे ड्युटीचे तास संपले तर ते विमान त्या रात्री पुण्याला येत नाही. मग बस, पनवेल, लोणावळा, आणि घाटात ट्रॅफिक असला तर तुम्ही आणि तुमची बॅग.